कर्सर उड्या मारतोय, टाइप केलेलं गायब होतंय, माउस अडखळतोय. टचपॅडचं करू तरी काय?

टंकनिका
लोकहो, मदत हवीय. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, दिवसभर टायपिंगचंच काम, आणि सध्या टचपॅडने नुसता वात आणलाय. त्रास एकच आहे की तीन-चार वेगवेगळे आहेत तेच कळत नाही म्हणून सगळं एकत्र लिहिते. टाइप करता करता कर्सर मध्येच दोन-तीन ओळी वर जाऊन बसतो आणि पुढची अक्षरं तिकडेच उमटतात, कधी तर अख्खा परिच्छेद निळा होतो आणि पुढचं अक्षर दाबलं की गायब, कंट्रोल झेड मारला की परत येतो पण तोवर डोक्यातलं वाक्य गेलेलं असतं. शिवाय टाइप करत नसतानाही नुसता बाण हलवायला गेलं तर तो थरथरतो, भलतीकडेच उडी मारतो, मी काही न करता क्लिक होतं. कंटाळून वायरलेस माउस घेतला तर तो अडखळत चालतो. आणि कळस म्हणजे माउस बंद करून ठेवून दिला तरी टचपॅड मेल्यासारखा पडून राहतो! रीस्टार्ट करून झालं, अपडेट करून झालं, आता काय?

खुडबुडे
डिव्हाइस मॅनेजर उघडा, टचपॅड शोधा, राइट क्लिक, अनइन्स्टॉल, रीस्टार्ट. विंडोज आपोआप परत टाकतं. नाही जमलं तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर, म्हणजे टचपॅड चालवणारं सॉफ्टवेअर, उतरवून घ्या. नव्वद टक्के वेळा ड्रायव्हरच असतो.

चक्रमपाणी
उरलेल्या दहा टक्के वेळा पण खुडबुडे ड्रायव्हरच टाकायला सांगतात.

टंकनिका
@खुडबुडे, केलं हो ते, जैसे थे. आणि टचपॅड अनइन्स्टॉल केल्यावर राइट क्लिक कशाने करायचं हे कोणीच सांगत नाही, कीबोर्डवरून टॅब टॅब करत पोचले कशीबशी.

जुना_सोल्डर
ड्रायव्हर जरा बाजूला ठेवा. आधी एकच गोष्ट करा. चार्जर काढा आणि पाचेक मिनिटं नुसत्या बॅटरीवर बाण फिरवून बघा, टाइप करू नका, फक्त बाण. थरथर थांबली का सांगा. मग पुढचं बोलू, कारण तुमच्या वर्णनात मला एक नाही, चार वेगळे त्रास दिसताहेत आणि चारही एकाच दिवशी अंगावर आले म्हणून ते एक वाटताहेत.

टंकनिका
अहो काय जादू आहे ही!! चार्जर काढला की बाण एकदम शहाणा. परत लावला की परत थरथर. म्हणजे चार्जर खराब आहे का? नवीन घेऊ?

जुना_सोल्डर
थांबा, लगेच खरेदीला पळू नका. चार्जर कुठे लावलाय? थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये की एक्स्टेन्शन बोर्डात? पिन दोन आहेत की तीन, म्हणजे अर्थिंगची तिसरी आहे का? आणि लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर मुंग्या आल्यासारखं, खरखरीत असं काही जाणवतं का?

टंकनिका
चार्जर तीन पिनांचा आहे पण एक्स्टेन्शन बोर्डाला पुढे दोन पिनांचा प्लग आहे. हल्लीच टेबल हलवलं तेव्हापासून तो बोर्ड वापरतेय. आणि हो, खरखरीत लागतं! मला वाटलं वरचा कोटिंगचा थर उडालाय.

खुडबुडे
मला कळत नाहीये, चार्जर तर लॅपटॉपला सरळ डीसी देतो ना, मग अर्थिंगचा आणि टचपॅडचा संबंध काय? टचपॅड तर आत मदरबोर्डला जोडलेला असतो.

जुना_सोल्डर
संबंध आहे, आणि प्रश्न चांगला विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टचपॅडला तुमचं बोट दाबलेलं कळत नाही, त्याला कळतो तो धारकतेतला म्हणजे कपॅसिटन्समधला बदल. पृष्ठभागाच्या खाली इलेक्ट्रोडची आडवी-उभी जाळी असते, बोट जवळ आलं की त्या ठिकाणची धारकता किंचित बदलते आणि आतला कंट्रोलर ती सारखी मोजत असतो. हा बदल अतिशय बारीक असतो. आता तुमचा चार्जर हा स्विचिंग प्रकारचा, म्हणजे आत प्रचंड वेगाने चालू-बंद होणारी सर्किट असते. त्यातला नॉइज, म्हणजे विजेची नको असलेली खळबळ, दाबायला मेनच्या बाजूपासून डीसीच्या बाजूपर्यंत एक छोटा कपॅसिटर टाकलेला असतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये बहुतेक वेळा डीसीची बाजू अर्थिंगला जोडलेली असते, त्यामुळे तो कचरा जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर तो कुठे जाणार? लॅपटॉपची अख्खी बॉडी जमिनीच्या मानाने वरखाली डोलत राहते. करंट अगदी नगण्य असतो पण बोटाला ती खरखर लागते ती हीच. आणि तुम्ही टचपॅडला बोट लावलं की तो सगळा डोलारा तुमच्या अंगातून जमिनीकडे वाट शोधतो, नेमका त्याच जाळीतून जिथे कंट्रोलर बारीकसा बदल मोजत बसलाय. त्याला मग एका बोटाची चार बोटं दिसतात, नसलेला स्पर्श दिसतो, बाण उडतो.

खात्री करायची असेल तर एक सोपी चाचणी आहे. चार्जर लावलेला असू दे, डाव्या हाताचं बोट लॅपटॉपच्या धातूच्या भागावर ठेवा, बॉडी प्लॅस्टिकची असेल तर यूएसबी पोर्टच्या धातूच्या कडेला टेकवा, आणि उजव्या हाताने टचपॅड चालवा. बाण शांत झाला तर निदान पक्कं. ड्रायव्हर बिचारा निर्दोष.

टंकनिका
डावा हात टेकवला की शांत, काढला की थरथर. मी आता हसत बसलेय. बोर्ड बदलते.

खुडबुडे
बरं, हे मला खरंच माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

पेंग्विनदादा
जुना_सोल्डर, मस्त लिहिलंत. एक भर घालतो, अर्थिंग नीट असूनही फक्त चार्जर लावल्यावरच त्रास होत असेल तर स्वस्तातला दुसराच कुठलातरी चार्जर वापरत नाही ना ते बघा, त्यात नॉइज गाळायचे भाग काटकसर करून टाकलेले असतात. आणि चार्जरची चाचणी कोरडी गेली तर मग सॉफ्टवेअर की हार्डवेअर हे ठरवायला लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची लाइव्ह पेनड्राइव्ह लावून मशीन चालू करावं, काही इन्स्टॉल करायची गरज नसते. तिथेही तोच त्रास असेल तर विंडोजचे ड्रायव्हर उगाळण्यात अर्थ नाही.

सरळसोट
बाकीचे तीन त्रास राहिले की. परिच्छेद गायब होण्याचं काय?

जुना_सोल्डर
ते माझं खातं नाही, पण तिथे हार्डवेअर ठीक आहे असं धरून चालायला हरकत नाही.

सरळसोट
मग मी लिहितो, मीही दिवसभर टाइपच करतो.

टायपिंग करताना अंगठ्याच्या मुळाशी जो तळव्याचा मांसल भाग असतो तो टचपॅडच्या वरच्या कडेला घासतो. टचपॅडला तो टॅप वाटतो, टॅप म्हणजे क्लिक, म्हणून कर्सर बाण जिथे असेल तिथे उडी मारतो. आणि तळवा पाठोपाठ दोनदा टेकून जरा सरकला तर टॅप करून ओढल्यासारखं होतं, म्हणजे मजकूर सिलेक्ट, पुढचं अक्षर पडलं की सगळं साफ. तुमचा निळा परिच्छेद तो हाच.

सेटिंग्ज उघडा, ब्लूटूथ आणि डिव्हाइसेस, त्यात टचपॅड, आणि टॅप्स नावाचा भाग उलगडा. वरती संवेदनशीलतेचे चार पर्याय असतात, सर्वात जास्त, जास्त, मध्यम, कमी. मध्यम किंवा कमी करा. लोकांना वाटतं याने बाण मंद होईल, तसं होत नाही, बाणाचा वेग वेगळ्या पट्टीवर असतो. हा पर्याय कळ दाबल्यानंतर टचपॅडने स्पर्शाकडे किती कानाडोळा करायचा ते ठरवतो. त्याच्या खाली दोनदा टॅप करून ओढण्याची चौकट आहे तिची टिक काढा, परिच्छेद गायब होणं तिथल्या तिथे थांबेल. तरी कर्सर उडतच राहिला तर एका बोटाच्या टॅपची टिकही काढून टाका आणि क्लिक करायला टचपॅड खरोखर दाबा. पहिले काही दिवस चिडचिड होते, मग सवय लागते. मी तसंच वापरतो आणि परत टॅपवर जाणार नाही.

चक्रमपाणी
याच्या उलट अडचण माझी आहे. गेम खेळताना डब्ल्यू दाबून धरला की टचपॅड ठप्प, मान वळवायचीय तर वळत नाही, तोवर मेलेलो असतो.

सरळसोट
तेच सेटिंग उलटं करा, सर्वात जास्तवर ठेवा. मग टायपिंगच्या वेळी परत खाली आणा. टचपॅडवर गेम खेळणाऱ्याला याहून जास्त सहानुभूती देता येत नाही.

पेंग्विनदादा
लिनक्सवर हेच "टाइप करताना टचपॅड बंद" या नावाने असतं, गेमपुरतं बंद करता येतं. तिथे नुसती कंट्रोल किंवा शिफ्ट दाबली तर टचपॅड बंद पडत नाही, ते मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर कंट्रोल दाबून क्लिकच करता आलं नसतं.

टंकनिका
टॅप करून ओढण्याची टिक काढली, संवेदनशीलता कमीवर नेली. सकाळपासून एकही परिच्छेद उडाला नाही. सरळसोट, तुमचे फार आभार. आता माउस!

जुना_सोल्डर
माउसचा रिसिव्हर, म्हणजे तो इवलासा डोंगल, कुठल्या पोर्टमध्ये आहे आणि त्याच्या शेजारी काय लावलंय?

टंकनिका
डावीकडे दोन पोर्ट आहेत, एकात डोंगल, शेजारी बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क.

जुना_सोल्डर
वाटलंच. यूएसबी ३.० ची केबल आणि कनेक्टर चालू असताना जो रेडिओ नॉइज सोडतात तो २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, आणि तुमचा माउस बोलतो त्याच पट्ट्यात. यावर इंटेलने २०१२ मध्येच एक तांत्रिक टिपण काढलं होतं, म्हणजे दुखणं जुनं आहे. डिस्कवर फाइल जात असते तेव्हाच माउस जास्त अडखळतो का बघा. उपाय म्हणजे डोंगल आणि डिस्क यांच्यात अंतर. उजवीकडे पोर्ट असेल तर डोंगल तिकडे न्या, नसेल तर वीतभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल माउसच्या जवळ आणून ठेवा. ब्लूटूथ माउस घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर तोही २.४ वरच चालतो बरं का.

खुडबुडे
माउस थोडा वेळ न हलवता ठेवला आणि मग पहिला क्षण अडखळत असेल तर मात्र वेगळं कारण असू शकतं, वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्टला झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवर "वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या" अशा अर्थाची टिक असते ती काढा. (बघा, या वेळी ड्रायव्हर म्हटलं नाही.)

चक्रमपाणी
डिव्हाइस मॅनेजर मात्र सुटला नाही.

सरळसोट
आणि माउस बंद असूनही टचपॅड चालू होत नाही त्याचं उत्तर बहुतेक त्या डोंगलमध्येच आहे. त्याच टचपॅडच्या पानावर "माउस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवा" अशी चौकट असते. तिची टिक काढलेली असेल आणि डोंगल पोर्टमध्येच असेल तर विंडोजच्या दृष्टीने माउस जोडलेलाच आहे, माउसची खालची कळ तुम्ही बंद केलीत की चालू ठेवलीत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. वायरलेस कीबोर्डचे काही डोंगलही स्वतःला माउस म्हणून ओळख देतात, त्यामुळे घरात माउसच नाही तरी टचपॅड बंद, असा घोळ होतो. टिक परत लावा. बाण हाताशी नसेल तर विंडोज की आणि आय दाबून सेटिंग्ज उघडतात, मग टॅबने पुढे सरकायचं, बाणाच्या कळांनी वरखाली आणि स्पेसने टिक.

त्याआधी वरच्या एफ कळांपैकी एकीवर टचपॅडचं छोटं चित्र आहे का तेही बघून घ्या, एफएन धरून चुकून ती दाबली जाते आणि माणूस ड्रायव्हर टाकत बसतो.

टंकनिका
चौकटच होती! डोंगल उजवीकडे नेला, माउस लोण्यासारखा चालतोय. डिस्कवर बॅकअप चालू ठेवूनही बघितलं, काही नाही.

मी_नवा_इथे
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

पेंग्विनदादा
धागा निघालाच आहे तर लिनक्सवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण जालावर या बाबतीतले बरेचसे सल्ले शिळे आहेत. सिनक्लायंट नावाची कमांड वापरा असं कुठे वाचलंत तर पुढे वाचू नका, ती जुन्या सिनॅप्टिक्स ड्रायव्हरसाठी होती. आता जवळपास सगळीकडे टचपॅड-माउस हाताळायला लिबइनपुट आहे, त्याची १.० आवृत्ती २०१५ ची. काही मशीनवर जुना ड्रायव्हरही पडून असतो आणि एक्सऑर्गच्या (पडद्यावर खिडक्या दाखवणारी लिनक्सची जुनी यंत्रणा) कॉन्फिग फाइली आकड्यांच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे ४० आकड्याची लिबइनपुटची फाइल आधी आणि ७० ची सिनॅप्टिक्सची नंतर, म्हणून जिंकते नंतरची. तुम्ही लिबइनपुटचे पर्याय बदलत बसता आणि टचपॅडला त्याचा पत्ताच नाही. जुनं पॅकेज काढून टाका.

दुसरं, एक्सइनपुट या एक्सऑर्गच्या कमांडने सेटिंग करणारी स्क्रिप्ट अचानक चालेनाशी झाली असेल तर आधी तुम्ही वेलँडवर, म्हणजे एक्सऑर्गची जागा घेणाऱ्या नव्या यंत्रणेवर, आहात का बघा. तिथे एक्सइनपुटच्या यादीत तुमचा खरा टचपॅड दिसतच नाही, एक्सवेलँड पॉइंटर असली नावं दिसतात. वेलँडवर सेटिंगचा ताबा डेस्कटॉपकडे असतो, त्यामुळे जी काही फिरवाफिरवी करायची ती नोम किंवा केडीई या डेस्कटॉपच्या सेटिंगमधून, नाहीतर नोमसाठी जीसेटिंग्ज कमांडने.

(कमांडची नावं देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलमध्ये अशीच चिकटवून मला शिव्या घालू नका.)

चक्रमपाणी
पेंग्विनदादा, दोन बोटांनी स्क्रोल केलं की पान सुसाट पळतं, त्याला लगाम कुठे आहे? बाणाचा वेग कमी केला, स्क्रोल तसंच.

पेंग्विनदादा
दोन्ही वेगळे आहेत. लिबइनपुट फक्त बोटं किती सरकली ते सांगतं, स्क्रोलचा वेग ठरवणं डेस्कटॉपकडे किंवा त्या त्या अ‍ॅपकडे सोपवलेलं आहे. केडीईत त्यासाठी पट्टी आहे. फायरफॉक्सपुरतं हवं असेल तर त्याच्या अबाउट कॉन्फिग पानावर माउसव्हीलच्या नोंदींमध्ये डेल्टा मल्टिप्लायर वाय शोधा, मूळ आकडा १०० असतो, ५० केला की निम्मा वेग.

चक्रमपाणी
झालं! आता शेवटचं, टचपॅडवर बोटं वर नेली की पान वर जायला हवं की खाली?

सरळसोट
हा वाद इथे नको, याने मोठमोठे धागे बुडालेत. ज्याला जे सवयीचं ते त्याने ठेवावं. फक्त मॅकवाल्यांनो, तिथे टचपॅडची आणि माउसची दिशा एकाच स्विचवर चालते, एक बदलली की दुसरी बदलते, वेगळी हवी तर बाहेरचं अ‍ॅप लागतं.

काठावरची
एरवी नुसती वाचत असते पण आता विचारते. माझ्या टचपॅडची क्लिक महिनाभरात हळूहळू जड होत गेली, आता उजवीकडे दाबलंच जात नाही. टॅप मात्र नीट चालतो. सरळसोट म्हणतात त्याच्या उलट, टॅपवरच चालवून घेऊ का? टचपॅडची उजवी कड पण जरा वर आल्यासारखी वाटते.

जुना_सोल्डर
काठावरची ताई, हे टॅपवर चालवून घेण्यातलं नाही. लॅपटॉप बंद करून सपाट टेबलावर ठेवा आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून बघा, चारही पाय टेकतात का, तळाचं झाकण मध्ये फुगलंय का, बंद केल्यावर पडदा नीट बसतो का.

काठावरची
डगमगतो. आणि खालच्या झाकणाच्या फटीत नख जातंय, आधी जात नव्हतं.

जुना_सोल्डर
बॅटरी फुगलीय. बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी टचपॅडच्या अगदी खालीच असते, ती फुगली की टचपॅडला खालून रेटते, म्हणून क्लिकला खाली जायला जागाच उरत नाही. चार्जर आत्ता काढा आणि परत लावू नका. लॅपटॉप बंद करून ठेवा, मांडीवर किंवा गादीवर नको, उघड्या कडक जागी, पेट घेईल अशा कशाच्याही शेजारी नको. टचपॅड दाबून खाली बसवायचा प्रयत्न अजिबात करू नका, फुगलेल्या बॅटरीला टोचलं-दाबलं तर आग लागू शकते. स्वतः उघडू नका, सर्व्हिस सेंटरला फोन करून बॅटरी फुगलीय हे आधी सांगा आणि मग न्या. जुनी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, त्यांच्याकडेच द्या.

काठावरची
बापरे. चार्जर काढला. फाइली काढून घ्यायला एकदा चालू करू का?

जुना_सोल्डर
नको. फाइली एसएसडीवर आहेत, त्या कुठे जात नाहीत. बॅटरी बदलून आली की जशाच्या तशा मिळतील. सर्व्हिसवाल्यांना देताना फक्त सांगा की डिस्क पुसायची नाही.

काठावरची
बरं. उद्या सकाळीच नेते. आत्ता मोबाइलवरून लिहितेय, लॅपटॉप गॅलरीतल्या फरशीवर ठेवलाय.

टंकनिका
काठावरची, फरशीवर सावलीत ठेवलायस ना? सकाळी ऊन येत असेल तर जागा बदल. आणि नेऊन आलीस की इथे लिही.